घराचा सौदा आणि छताची साक्ष

अक्षय्य तृतीयेपासून मृग नक्षत्र लागेपर्यंतचे दिवस जुन्या घरांच्या सौद्यांचे असतात. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, पुण्या-मुंबईचे भाऊबंद सुट्टीत गावी आलेले असतात, वाटणीच्या गोष्टी निघतात आणि मुहूर्तही मिळतात. परंतु या मोसमामागे आणखी एक कारण असते व ते सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही. वैशाखात कोणतेही छत गळत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील बाजारपेठेच्या एका गावात असाच एक सौदा वैशाखात ठरत आला होता. खाली भुसार मालाची पेढी आणि वर राहते घर, असे ते १९७८ सालचे बांधकाम. वडिलांनी डाळीच्या व्यापारात मिळवलेल्या पैशातून ते उभे केले होते. भोवतीच्या दगडमातीच्या माळवदी घरांमध्ये ते 'स्लॅबचे घर' म्हणूनच ओळखले जाई. पुढे वडील गेले. थोरल्या मुलाने पेढी मार्केट यार्डात हलवली व जवळच नवे घर बांधले, धाकटा पुण्यात स्थिरावला, आई दोघांकडे आलटून-पालटून राहू लागली आणि जुने घर कुलपात पडले. ते घ्यायला पुढे आला होता औषधांचे दुकान चालवणारा एक तरुण. त्याच्या कुटुंबात पत्नी, वर्षाच्या आतले मूल आणि निवृत्त शिक्षक असलेले वडील. इसाराचे एक लाख रुपये देऊन झाले होते. साठेखत महिनाभरात व्हायचे होते.

माडीवरच्या मागील खोलीत छताला तांबूस डाग होते. एका कोपऱ्यातील गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा गळून पडला होता व आतील सळई गंजलेली दिसत होती. दर्शनी दिवाणखान्यात भिंत आणि स्लॅब जेथे मिळतात तेथे एक लांबलचक बारीक भेग होती. दर दिवाळीला ती रंगाखाली जाई आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा वर येई. दलालाचा सल्ला अनुभवी होता. "शेठ, पीओपीचं छत मारून घ्या, वर रंगाचे दोन हात द्या, आणि पाऊस पडायच्या आत खरेदीखत उरकून टाका." खर्च फार तर सत्तर-ऐंशी हजारांचा.

धाकट्याला हे पटेना. त्याचे म्हणणे, सोलापुराहून एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे, छत दाखवावे, तो काय म्हणतो ते लेखी घ्यावे आणि मगच बोलणी पुढे न्यावीत. थोरल्याने त्यावर दिलेले उत्तर नीट ऐकण्यासारखे आहे, कारण तसे मनात म्हणणारे पुष्कळ असतात. "एकदा त्यानं कागदावर लिहून दिलं की आपल्याला ठाऊक झालं. ठाऊक झालं की सांगावं लागणार. आत्ता आपल्याला काय ठाऊक आहे? पाणी मुरतं, एवढंच. ते कोणाच्या घरात मुरत नाही?"

थोरला बंधू लबाड नव्हता. त्याच्या पेढीवरील वजनाबद्दल यार्डात कोणी शंका घेतली नव्हती. परंतु मालाचा व्यवहार आणि घराचा व्यवहार यांना आपण नकळत दोन वेगळी मापे लावतो. तुरीच्या पोत्यात ओल असेल तर ती हाताला लागते; घेणारा मूठ भरून पाहतो, दाताखाली दाणा फोडतो आणि मग भाव बोलतो. छताच्या पोटात हात घालता येत नाही. येथे घेणाऱ्याला पारख करता येत नाही, आणि म्हणूनच देणाऱ्यावरचे ओझे वाढते.

कायद्याने हे ओझे फार पूर्वीच ओळखले आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम ५५ सांगते की, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही जो त्याच्या लक्षात येणार नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. तो न सांगणे त्याच कलमानुसार कपट ठरते. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १७ मध्ये तर जाणूनबुजून केलेल्या लपवणुकीचा कपटाच्या व्याख्येतच समावेश आहे. डागाखाली पीओपी लावणे म्हणजे दुसरे काय? करारात 'जसे आहे तसे व जेथे आहे तेथे' ही शब्दावली घातली म्हणजे सुटलो, असा एक समज बाजारात आहे. जे डोळ्यांपुढे आहे त्यापुरता त्या शब्दांचा आधार मिळेल. ठरवून झाकलेल्या दोषासाठी ते पांघरूण म्हणून पुरेल, असे समजून कोणी सही करू नये.

तरीही थोरल्याच्या बोलण्यातील फट शिल्लक राहतेच. कायदा 'माहीत असलेल्या' दोषाबद्दल बोलतो. मग माहीतच करून घेतले नाही तर?

येथे श्रावकाने कायद्याचे पुस्तक बाजूला ठेवून आपल्या घरचे ग्रंथ उघडावेत. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाने वर्ज्य करावयाची पाच स्थूल असत्ये सांगितली आहेत: कन्येविषयीचे, गाईविषयीचे, भूमीविषयीचे, ठेव बुडवण्याचे आणि खोट्या साक्षीचे. परंपरेने त्यांचा अर्थ व्यापक केला आहे. कन्या म्हणजे सर्व द्विपद, गाय म्हणजे सर्व चतुष्पद आणि भूमी म्हणजे ज्यांना पाय नाहीत अशा सर्व वस्तू. घर त्यातच आले. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी असत्याच्या असंख्य प्रकारांतून नेमके हे पाच का निवडले असावेत? कदाचित म्हणून की, या पाचही ठिकाणी समोरच्याला पडताळा पाहता येत नाही आणि झालेली फसवणूक त्याला दीर्घकाळ भोगावी लागते.

आणि 'माहीतच करून घेतले नाही' या युक्तिवादाला उत्तर तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहे. तेथे हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी आधी प्रमत्तयोग सांगितला आणि मग प्राणघात. बेसावधपणा हेच तेथे हिंसेचे मूळ आहे. ज्याला शंका आली आहे, ज्याला तपासणे शक्य आहे, आणि जो केवळ उत्तराच्या भीतीने तपासत नाही, त्याचे अज्ञान हे निष्पाप अज्ञान नव्हे. रात्री पाणी गाळून न घेता 'मला त्यात जीव दिसला नाही' असे म्हणणाऱ्याचे अज्ञान जसे, तसेच हे.

ग्रंथांचा हा आधार दोघा भावांच्या वादात कोणी काढला नाही. वाद मिटला तो वेगळ्याच वाक्याने. आई त्या वेळी थोरल्याकडेच होती आणि दुपारची सामायिक करून नुकतीच उठली होती. ती म्हणाली, "मागच्या खोलीत पाळण्याची कडी आहे. तुम्ही दोघं त्याच पाळण्यात वाढलात. पण तिथलं पाणी मुरायला लागल्यावर नातवंडांचा पाळणा मी त्या कडीला बांधू दिला नाही, पुढच्या खोलीत लोखंडी घोडा आणून त्यावर बांधला. मला कोणत्या इंजिनिअरनं सांगितलं होतं? आता त्यांच्या घरात मूल आहे. ते कडी बघतील आणि पाळणा बांधतील."

थोरल्याने त्याच संध्याकाळी फोन केला.

इंजिनिअर आले ते खोलीत न शिरता आधी गच्चीवर गेले. हे नवख्याला चमत्कारिक वाटते. दुखणे खाली आहे आणि वैद्य वर चालला आहे. परंतु छताच्या बहुतेक आजारांचे कारण वरच असते. गच्चीच्या मध्यावर पाण्याची हजार लिटरची काळी टाकी उभी होती, म्हणजे टाकी भरली की एक टनाचा भार, आणि तोही भिंतीवर किंवा तुळईवर नव्हे तर उघड्या स्लॅबच्या पोटावर. पाणी जाण्याच्या पन्हळीकडे ढाळ उरलेला नव्हता. मागच्या कोपऱ्यात वाळलेल्या शेवाळाचा काळा पट्टा होता.

त्या पट्ट्याविषयी थोडे विषयांतर क्षम्य मानावे. शेवाळात अनंत जीव मानणाऱ्या घरांतून चातुर्मासात गच्ची खरवडली जात नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याचा परिणाम असा होतो की चार महिने पाणी साचून राहते, पुढचे आठ महिने कोणाला आठवण राहत नाही, आणि वर्षामागून वर्षे तोच कोपरा पाणी पीत राहतो. यतना म्हणजे शेवाळ न काढणे एवढेच नव्हे. ते मुळात धरूच नये अशी व्यवस्था ज्येष्ठातच करणे, हीसुद्धा यतनाच आहे. ढाळ नीट असेल, पन्हळी मोकळ्या असतील, तर खरवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

इंजिनिअरांनी विचारले, "गच्चीवर कोबा किती वेळा घातला?" थोरला म्हणाला, एकदा, बांधताना. आई म्हणाली, तीनदा. धाकट्याच्या मुंजीएवढ्या वयात एकदा पाणी गळाले तेव्हा, आणि नंतर धाकट्याच्या लग्नाआधी पुन्हा. कोपऱ्यात एक फूटभर चौकोन फोडून पाहिला तेव्हा आईची स्मृती खरी ठरली. तळाशी स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा मूळ कोबा, त्यावर दुसरा कोबा, त्यावर तिसरा आणि सर्वांत वर फरशीच्या तुकड्यांचा पांढरा थर. स्लॅबच्या वरची एकूण जाडी सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर भरली. मूळ थर दहा सेंटिमीटरचा होता.

दर वेळी आलेल्या कारागिराने जुना थर न काढता त्यावरच नवा घातला होता. काढण्याची मजुरी वाचली, घरमालकही खूश. परंतु गळती थांबवण्यासाठी घातलेला थर म्हणजे वजनही असते. वाढलेल्या अठरा सेंटिमीटरांचा भार दर चौरस मीटरला तीनशे किलोंहून अधिक भरतो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरावयाचा चल भार दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो आहे. म्हणजे त्याच्या दुप्पट ओझे या स्लॅबवर रात्रंदिवस, वर्षानुवर्षे बसून होते. मागची खोली बारा बाय चौदा फुटांची. इंजिनिअरांनी कागदावर आकडेमोड केली आणि व्यापाऱ्याला कळेल अशा भाषेत सांगितली, "या एका खोलीच्या डोक्यावर तुम्ही तुरीची पन्नास पोती रचून ठेवली आहेत." एका क्विंटलचे पोते. थोरल्याने नकळत वर पाहिले.

या भागातील लोकांना छताच्या वजनाचा धडा नवा नसावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, त्यातील बहुतेक आपापल्या घरांच्या दगडी भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदांखाली. पावसाचे पाणी ठिबकू नये म्हणून त्या माळवदांवर मातीचे थर वर्षानुवर्षे चढत गेले होते. सिमेंटचे घर आले, मातीच्या जागी कोबा आला. वर थर चढवण्याची सवय मात्र तीच राहिली.

मग ते खाली आले. छताला हातोडीने हलकेच ठोकत ते खोलीभर फिरले. जेथे स्लॅब निरोगी तेथे टणक, खणखणीत आवाज येई. मागच्या कोपऱ्याच्या बाजूला तो बद्द, पोकळ होत जाई. पोकळ भागाच्या कडा त्यांनी खडूने आखून घेतल्या. तडकलेले काँक्रीट थोडे फोडून ताज्या पृष्ठावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले. निरोगी काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यावर हे द्रावण गडद गुलाबी होते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने ज्याची अल्कता संपवली आहे, तेथे रंग येत नाही. काँक्रीटची अल्कता हेच सळईचे खरे कवच असते. ते गेले आणि पाणी पोहोचले की गंज धरतो, आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा मागतो. ती जागा करून घेण्यासाठी तो आतूनच काँक्रीट फोडतो. खाली पडलेला पोपडा हा रोगाचा आरंभ नसून बऱ्याच काळाचा परिणाम असतो, हे त्यावरून ध्यानात यावे. येथे रंग सळईच्या मागे, वरच्या बाजूला उमटला. खाली उमटला नाही.

सळई घासून कॅलिपरने मोजली. मूळची दहा मिलिमीटर, काही ठिकाणी सात उरलेली. ऐकणाऱ्याला वाटते, तीनच गेली. परंतु सळईचे बळ व्यासावर नव्हे, छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि दहाची सात झाली की क्षेत्रफळ निम्मे होते.

दिवाणखान्यातील त्या लांबलचक भेगेची भीती घरात सर्वांनाच होती. घेणाऱ्या तरुणाच्या वडिलांनीही तिच्याकडे दोनदा बोट दाखवले होते आणि दलालाने त्या भेगेपायीच दहा लाख कमी करावे लागतील असे बजावले होते. इंजिनिअरांनी ती पाहिली, थोडा गिलावा काढला आणि पुढे गेले. विटेची भिंत आणि काँक्रीटचा स्लॅब ऊन-पावसात वेगवेगळ्या मापाने आकसतात व पसरतात. त्यांच्या सांध्यावर गिलाव्याला अशी रेघ पडते. स्लॅबला काहीही झालेले नव्हते. सांध्यावर जाळी मारून गिलावा केला की काम संपते.

मात्र ज्याच्याकडे कोणीच बोट दाखवले नव्हते, तेथे ते बराच वेळ थांबले. घराच्या दर्शनी बाजूला रस्त्यावर चार फूट पुढे आलेली गॅलरी होती. खालून पाहता तिला ना डाग, ना भेग. पण अशा पुढे काढलेल्या सज्जाची मुख्य सळई तळाशी नसून वरच्या अंगाला असते. वरून पाणी मुरले की तीच आधी गंजते, आणि खालून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय साध्या स्लॅबप्रमाणे ती हळूहळू वाकून, पोपडे टाकून सूचना देत बसत नाही. मुळातील सळई गेली की एकाएकी खाली येते. गॅलरीची फरशी मुळाशी उचकटून पाहिली. तीनपैकी एक सळई बोटाने चुरली.

त्या गॅलरीत उभे राहून घरातील आणि शेजारची वीस-पंचवीस माणसे दरवर्षी महावीर जयंतीची मिरवणूक पाहत आली होती. खाली सकाळी शाळेच्या गाडीची वाट पाहत मुले उभी राहत आणि दुपारी भाजीवाली बसत असे.

आठ दिवसांनी अहवाल आला. फी पंधरा हजार. मागच्या खोलीच्या स्लॅबचा एक तृतीयांश भाग खराब. तो दुरुस्त होण्याजोगा आहे, पाडण्याची गरज नाही. वरचे दोन्ही थर काढून भार कमी करावा, टाकी भिंतीवर हलवावी, सैल काँक्रीट काढून सळया घासाव्यात, जेथे क्षेत्रफळ निम्मे झाले आहे तेथे नवीन सळया जोडाव्यात, मग पॉलिमरयुक्त मसाल्याने भाग भरून काढावा आणि शेवटी योग्य ढाळ देऊन जलरोधन करावे. काम होईपर्यंत त्या खोलीत लोखंडी टेकू. उरलेल्या घराला सध्या धोका नाही. अंदाजे खर्च चार लाख. गॅलरीसाठी वेगळा परिच्छेद होता आणि त्यात एकच वाक्य ठळक होते: ताबडतोब वापर बंद करावा व ती उतरवून घ्यावी.

येथे थोरल्याने एक शेवटचा प्रयत्न केला. त्याने इंजिनिअरांना फोन करून विचारले, "साहेब, गॅलरीचं आम्ही आपापलं बघून घेऊ. अहवालात तेवढं नसलं तर चालेल का?" पलीकडून उत्तर आले, "शेठजी, तुम्ही घर विकताय, मी सही विकत नाही." तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया मोजली आहे, म्हणजे खोटा दस्त तयार करणे. अर्धा दस्तही त्यात मोडतो की नाही, यावर मुनिश्रींना प्रश्न विचारता येईल. गॅलरीखाली उभ्या राहणाऱ्या मुलांना तो फरक कळण्यासारखा नव्हता. थोरल्याने पुन्हा आग्रह धरला नाही, आणि पुढे हा प्रसंग स्वतः त्यानेच चारचौघांत सांगितला.

अशा तपासणीसाठी माणूस निवडताना एक पथ्य अवश्य पाळावे. ज्याला दुरुस्तीचे काम मिळणार आहे त्याच्याकडून निदान घेऊ नये. जलरोधनाचे कंत्राटदार 'मोफत पाहणी' करतात, आणि त्यांच्या पाहणीत नेहमी त्यांच्याच मालाची गरज निघते. या घरावरील दोन जास्तीचे थर अशाच मोफत सल्ल्यांचे होते. स्ट्रक्चरल इंजिनिअर फी घेतो, विकायला त्याच्याकडे काही नसते. अहवाल तोंडी नको, सही-शिक्क्यासह लेखी हवा, आणि त्यात जे पाहिले त्याइतकेच जे पाहता आले नाही तेही नमूद असावे. या अहवालात न्हाणीघराच्या फरशीखालचा भाग फोडल्याशिवाय तपासता आला नाही, असे स्पष्ट लिहिले होते. चांगल्या अहवालाची ही खूण आहे. घर खरेदीसाठी कर्ज देणारी बँकही जुन्या बांधकामाच्या बाबतीत अनेकदा असा दाखला मागते. तो आधीच हाती असला तर सौदा ऐन वेळी अडकत नाही.

गॅलरीची वाट दोघा भावांनी पाहिली नाही. सौदा होवो न होवो, रस्त्यावरच्या माणसांचा त्याच्याशी संबंध नव्हता. खालून टेकू लावून आणि रस्ता अडवून चार दिवसांत ती उतरवली गेली. पहिला घण बसला तेव्हाच पुढचा तुकडा मुळापासून झुकला आणि टेकूवर विसावला. टेकू नसता तर काय झाले असते, हे बघायला जमलेल्या लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

मग अहवालाची प्रत घेऊन दोघे भाऊ त्या तरुणाच्या घरी गेले. इसार परत हवा असेल तर तोही सोबत नेला होता. तरुण गोंधळला, त्याची पत्नी आत निघून गेली. निवृत्त शिक्षकांनी मात्र चष्मा लावून नऊ पाने शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, "हे आम्ही दुसऱ्या इंजिनिअरला दाखवलं तर तुमची हरकत नाही ना?" थोरला म्हणाला, "जरूर दाखवा, गुरुजी. घरही उघडं आहे." दुसऱ्या इंजिनिअरांनी खर्च चार लाख नव्हे, साडेचार धरला; बाकी निदान तेच. दिवाणखान्याच्या भेगेविषयी दोघांचेही मत एक निघाल्यावर गुरुजींनी स्वतःच ती गोष्ट बोलण्यातून काढून टाकली, आणि दलालाने धरलेले दहा लाख त्याबरोबरच हवेत विरले. साडेचार लाख किमतीतून वजा झाले. दुरुस्ती घेणाऱ्याने पहिल्याच इंजिनिअरांच्या देखरेखीखाली करावयाची ठरली आणि अहवाल साठेखताला परिशिष्ट म्हणून जोडला गेला. पीओपीचे पैसे वाचले, हे थोरल्याने दलालाला ऐकवले. दलालाचा अभिप्राय निराळा होता. त्याच्या मते साडेचार लाख उगाच गेले, आणि तो आजही तेच म्हणतो.

साठेखताच्या दिवशी आईने त्या तरुणाच्या पत्नीला माडीवर नेले आणि मागच्या खोलीतील कडी दाखवली. काम पुरे होऊन इंजिनिअर हो म्हणेपर्यंत हिला काही बांधू नका, असे तिने बजावले. लोखंडी घोडा अजून माळ्यावर होता. तो तिने घरासोबत देऊन टाकला.

धाकटा पुण्याला परतला. त्याचा फ्लॅट ज्या सोसायटीत आहे ती इमारत १९९१ सालची आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीतील क्रमांक ७७ नुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करून घ्यावयाचे असते. मुंबईत तर महापालिका अधिनियमातील कलम ३५३-ब अन्वये तीस वर्षांवरील इमारतींच्या मालकांवर तशी जबाबदारीच आहे. त्याच्या सोसायटीत हे ऑडिट एकदाही झालेले नाही. दोन वार्षिक सभांत विषय निघाला होता. प्रत्येक सभासदाला चार-पाच हजार वर्गणी पडेल म्हणून तो पुढे ढकलला गेला, आणि ढकलण्याच्या बाजूने वर झालेल्या हातांत एक हात त्याचाही होता.

सौद्याची कागदपत्रे कपाटात ठेवल्यानंतर त्या रविवारी तो इमारतीच्या गच्चीवर गेला. टाक्या, पन्हळी, कोपरे पाहिले. गच्चीच्या दाराजवळ, जिन्याच्या छपराखाली, ताटाएवढा पोपडा पडलेला होता. कोणीतरी तो झाडून एका बाजूला लावून ठेवला होता. खाली येऊन त्याने सचिवांच्या नावे अर्ज लिहायला घेतला.